देवाची वाणी आणि तिची पारख

संपादक महोदय,

‘देव आज तुझ्याशी बोलत आहे, हा संदेश पुढे पाठव’ अशा ध्वनिचित्रफिती आमच्या ख्रिस्ती घरांतल्या मोबाईलवर रोज येऊन पडतात आणि सभांमधूनही ‘देवाने मला सांगितले आहे’ हे वाक्य पूर्वीपेक्षा फार वेळा ऐकू येते. त्याविषयी हे पत्र लिहिण्याचे कारण घरातलेच आहे. माझ्या आत्याला बरीच वर्षे मधुमेह आहे. काही वर्षांपूर्वी बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकाने प्रार्थनेनंतर तिच्या डोक्यावर हात ठेवून, ‘तुझ्या गोळ्या बंद कर, असे देव म्हणतो,’ असे सांगितले. तिने गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांनी टाचेजवळची साधी जखम चिघळली आणि उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. रुग्णालयात ती मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती : ‘मी नीट ऐकले नाही का गं?’ तिने ऐकण्यात कसूर केली नव्हती. ऐकलेल्याची पारख कशी करावी, हे तिला आमच्यापैकी कोणी कधी शिकवले नव्हते.

देव बोलतो, असे मी मनापासून मानते. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवताना मला तीस वर्षे होत आली आणि प्रार्थनेत मन वळल्याचा, एखादा हेका सोडावा लागल्याचा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे. म्हणून हे पत्र श्रद्धेची टिंगल करणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेले नाही. परंतु देवाची वाणी ऐकणे म्हणजे कौल लावणे नव्हे. डोळे मिटून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचे, बोट टेकेल त्या वचनावर लग्न ठरवायचे किंवा जमीन विकायची, किंवा 31 डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेत हाती आलेल्या वचनाच्या कार्डावरून वर्षभराचे बेत आखायचे, हा कौलच झाला; फक्त मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांच्या जागी कागद आला. ते कार्ड मीही घरी आणते आणि आरशाच्या कडेला खोचून ठेवते, पण ते वचन ज्या अध्यायातले आहे तो अध्याय पूर्ण वाचल्याशिवाय त्यावर काही ठरवत नाही.

पवित्र शास्त्रातली शमुवेलाची गोष्ट आम्ही मुलांना लहानपणीच सांगतो आणि बहुधा अर्धीच सांगतो. शिलो येथील मंदिरात झोपलेल्या त्या मुलाला रात्री हाक ऐकू येते. तिथला म्हातारा याजक एली बोलावतो आहे असे समजून तो तीनदा उठून त्याच्याकडे धावतो, आणि तिसऱ्या वेळी एलीच्या लक्षात येते की ही हाक परमेश्वराची आहे. ‘बोल, तुझा दास ऐकत आहे,’ असे म्हणायला त्याला एलीनेच शिकवले. इथवर गोष्ट सर्वांना पाठ असते. पण पुढे त्या मुलाने जे ऐकले, ते एलीच्याच घराण्यावर येणाऱ्या न्यायाविषयी होते. सकाळ झाल्यावर शमुवेलाने मंदिराची दारे उघडली, मात्र एलीला ते सांगायची त्याला भीती वाटत होती. एलीने आग्रह करून सगळे वदवून घेतले आणि स्वतःविरुद्धचा तो शब्द मान्य केला. म्हणजे देवाची हाक ओळखायला त्या मुलाला जाणत्या माणसाची गरज पडली. जे ऐकले ते त्याच्या सोयीचे नव्हते. आणि ज्याच्याविरुद्ध ते होते, त्यानेही ते दडपले नाही. मोबाईलवरच्या संदेशांत यातले काय असते? तिथे ऐकणाऱ्याला नेहमी घर मिळणार असते, परदेशचा व्हिसा मिळणार असतो आणि शत्रूची फजिती होणार असते.

याहून बोचरी गोष्ट पवित्र शास्त्रात यिर्मया या संदेष्ट्याच्या, म्हणजे देवाचा संदेश सांगणाऱ्याच्या, पुस्तकातल्या 42व्या अध्यायात आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केल्यानंतर उरलेले लोक आपला पुढारी योहानान याच्याबरोबर यिर्मयाकडे आले आणि म्हणाले की आम्ही कोणत्या वाटेने जावे हे परमेश्वराला विचार. उत्तर बरे असो वा वाईट असो, आम्ही ऐकू. यिर्मयाने त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. दहा दिवस गेले. एवढा मोठा संदेष्टा, समोर भेदरलेले लोक, मागे जळलेले शहर, आणि तरीही तो दहा दिवस थांबला! उत्तर आले ते असे की याच देशात राहा, मिसरात (इजिप्तमध्ये) जाऊ नका. त्यावर तेच लोक म्हणाले, ‘तू खोटे बोलतोस.’ आधीचा अध्याय वाचला की उलगडा होतो : मिसरात जायचे ठरवून त्यांनी बेथलेहेमाजवळ मुक्काम आधीच टाकला होता. त्यांनी देवाला विचारले ते सामान बांधून झाल्यावर. माझ्या स्वतःच्या किती प्रार्थना अशा सामान बांधून केलेल्या होत्या, हे आठवले की हा अध्याय मला पुढे वाचवत नाही.

आपल्या महाराष्ट्रात या ऐकण्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला; पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. बाप्तिस्म्याच्या आधीच संस्कृत शास्त्रांच्या व्यासंगाने ‘पंडिता’ ठरलेल्या बाईने आठ वर्षांची ही कबुली द्यावी, यातच खूप काही आले. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्तीचे घर उभे राहिले. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळाच्याच हालअपेष्टांत गेले होते. ही हाक देवाची आहे असे त्या मानत, आणि ती खरी की खोटी हे तपासायला केडगावात जेवणाऱ्या मुलींची पंगत पुरेशी होती. पुढे शास्त्र साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या भाषांतरात गुंतल्या होत्या. देव आपल्याशी बोलतो असे मानणाऱ्या या बाईने देवाचे वचन वाचण्याच्या कष्टांतून स्वतःला सूट दिली नाही.

‘माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात’ हे प्रभूचे वचन मला कळले ते आमच्या नगर जिल्ह्यातल्या एका पाझर तलावावर. उन्हाळ्यात दोन धनगरांचे कळप पाण्यावर एकमेकांत मिसळले होते. आता हे वेगळे कसे करणार, असे मला वाटले. दोघे दोन दिशांना चालू लागले, दोघांनी आपापली हाळी दिली आणि मेंढरांचा तो ढीग मधोमध फाटत गेला. काही कोकरे मात्र गोंधळून जागीच फिरत राहिली. त्यांना हाळी कळत नव्हती. आईचे ओरडणे ऐकून ती तिच्यामागे गेली. धनगर म्हणाला, ‘यंदाची हायेत, बाई. मागं मागं फिरून शिकतील.’

मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा समुदाय, ही याचसाठी असते : नवख्यांनी जाणत्यांच्या मागे राहून वाणी ओळखायला शिकावे. ‘आत्म्याला विझवू नका’ असे प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीस लिहिले, आणि लगेच पुढे ‘सर्व गोष्टींची पारख करा’ असेही लिहिले. करिंथकरांस तर त्याने स्पष्ट नियमच घालून दिला की संदेष्ट्यांपैकी दोघा-तिघांनी बोलावे आणि इतरांनी निर्णय करावा. पहिल्या शतकातल्या संदेष्ट्यांना जो नियम लागू होता, तो आजच्या व्यासपीठावरच्या वक्त्याला लागू नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. शिवाय ज्या पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता, त्याच्या पत्रांच्या आधारे औषधे बंद करायला सांगणे म्हणजे शास्त्र न वाचल्याची कबुली आहे.

म्हणून सर्व पंथांच्या पाळकांना आणि वडीलमंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की सभेत कोणी दुसऱ्याच्या आजाराविषयी, लग्नाविषयी किंवा पैशांविषयी देवाच्या नावाने काही सांगितले, तर ते त्याच दिवशी अमलात आणू देऊ नये. दोन-तीन जाणत्या स्त्री-पुरुषांनी त्या व्यक्तीबरोबर बसावे, शास्त्र उघडावे, आजाराचा प्रश्न असेल तर तिच्या डॉक्टरांना विचारावे आणि यिर्मयासारखे निदान दहा दिवस थांबावे. तरुण संघाच्या पुढच्या शिबिरात एक पूर्ण दिवस यासाठी काढता येईल. त्या दिवशी शिकवायला बोलावले तर मी स्वखर्चाने येईन. माझ्या आत्यानेही येण्याची तयारी दाखवली आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर