जकार्त्याहून खुलासा

जकार्ता, रविवार सकाळ

तीर्थरूप बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, धाकट्या काकांनी मोबाइलवर पाहिलेला तो पोलिसांचा आणि गुंडांचा चित्रपट. मंगळवारी फोनवर आईचा आवाज ऐकून घरी कोणी आजारी आहे की काय, असेच मला आधी वाटले; मग कळले की, जकार्त्यात उंच इमारतींवर गुंडांचे राज्य असते असे काकांनी जेवताना सर्वांना सांगितले आणि मी अठराव्या मजल्यावर राहतो हे नेमके आजीला आठवले. मी फोनवर जरा चिडून बोललो, त्याची क्षमा असावी.

तो चित्रपट म्हणजे २०११ सालचा ‘द रेड’. मी तो इथे आल्यावर दोनदा पाहिला आहे, तेव्हा या बाबतीत काकांपेक्षा माझे म्हणणे ग्राह्य धरावे. वीस जणांचे पोलीस पथक भाडेकरूंनी भरलेल्या एका जुनाट इमारतीत शिरते आणि वर बसलेला टोळीप्रमुख ध्वनिक्षेपकावरून जाहीर करतो की, जो या पाहुण्यांना संपवील त्याला भाडे कायमचे माफ. बाबा, इथली घरभाडी पाहता मला हेच सर्वांत खरे वाटले. छाप्याला वरिष्ठांची परवानगीच नसल्यामुळे बाहेरून कुमक येत नाही, आणि पुढे गोळ्या संपल्यावर कोयते, कोयते संपल्यावर हातपाय, असा तो सगळा प्रकार चालतो.

आईला एवढे सांगावे की त्यातल्या बंदुका खेळण्यातल्या, छर्‍यांच्या होत्या. नळीतून निघणारा जाळ नंतर संगणकावर घातला आहे. दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स तर वेल्सचा माणूस. त्याला आधी तुरुंगातील टोळ्यांवर मोठा चित्रपट करायचा होता, पण तेवढे पैसे जमेनात, म्हणून त्याने सुमारे अकरा लाख डॉलरांत भागेल अशी एकाच इमारतीतली गोष्ट लिहून काढली. म्हणजे ती इमारत जकार्त्याच्या गुन्हेगारीतून नव्हे, निर्मात्यांच्या ओढग्रस्तीतून उभी राहिली आहे. आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात ज्या गावात विश्वामित्री नदीच्या मगरी सोसायट्यांच्या फाटकापर्यंत आल्या, त्या आपल्या बडोद्याने मला सांभाळून राहा म्हणावे, याचे मला थोडे हसूही आले.

मारामारी मात्र खरी विद्या आहे. तिला पेंचाक सिलात म्हणतात. नायकाचे काम करणारा इको उवाइस लहानपणापासून ती शिकलेला आणि चित्रपटात येण्यापूर्वी टेलिफोन कंपनीची गाडी चालवणारा. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सिलातच्या सोळा सुवर्णपदकांपैकी चौदा याच देशाने जिंकली, आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोने तिला वारशाच्या यादीत घेतले. तेव्हा आईने तिला ‘गुंडगिरी’ म्हणू नये. आमच्या इमारतीमागच्या पटांगणात दर रविवारी मुले शिकायला येतात, आता लिहितानाही त्यांचा आवाज वर येतो आहे. त्यांचे गुरुजी सत्तरीचे असावेत. मुलाची टाच उचलली गेली की ते काही बोलत नाहीत, हातातल्या वेताचे टोक फक्त त्या टाचेला लावून उभे राहतात, आणि टाच टेकली की पुढे सरकतात. जुम्मादादा व्यायाम मंदिरात लाठी शिकताना वस्ताद अंगठ्यावर काठी टेकवून उभे राहत, असे आजोबा सांगत असत, त्याची दर वेळी आठवण होते. खाली जाऊन आपणही शिकावे असे मनात येते. अजून गेलेलो नाही.

आता जेवणाचे. इथे पदांगी, म्हणजे सुमात्रा बेटावरच्या पदांग शहराच्या पद्धतीच्या खाणावळी असतात, आणि तिथली रीत मी फोनवर सांगितली तेव्हा आईचा गैरसमज झाला, म्हणून सविस्तर लिहितो. तिथे आपण काही मागवायचे नसते. आपण बसलो की एक पोरगा डाव्या हातावर, मनगटापासून पार दंडापर्यंत, बश्यांवर बश्या रचून आणतो आणि पंधरा-वीस पदार्थ समोर मांडतो. त्यांतल्या ज्या बशीला आपण हात लावू तिचेच पैसे द्यायचे. बाकीच्या तशाच परत जातात. त्यांत गोमांस असते, हे खरे आहे. पण ती बशी वेगळी असते, मी ती दूर सरकवतो, आणि मी फणसाची भाजी, कसाव्याचा पाला आणि हिरव्या मिरचीचा ठेचा एवढेच घेतो. न शिवलेली बशी उष्टी धरत नाहीत. आईला हे पटणार नाही, हे मला माहीत आहे.

या खाणावळी चालवणारी माणसे सुमात्रातली, मिनांगकाबाऊ समाजाची. त्यांच्यात तरुण मुलाने घर सोडून दूर नशीब काढायला जायचे, अशी जुनी रीत आहे. तिला ‘मेरांताउ’ म्हणतात. ‘द रेड’च्याच दिग्दर्शकाने त्याच नायकाला घेऊन केलेला पहिला, २००९ चा चित्रपट याच नावाचा आहे. खाणावळीच्या मालकाने मला विचारले की मीही मेरांताउवरच आलो आहे का, तेव्हा मी उगाच हसून हो म्हणालो.

काकांनी शेवट पाहिला की नाही, ठाऊक नाही. त्यातला पोलीस नायक, रामा, म्हाताऱ्या वडिलांना शब्द देऊन निघालेला असतो की भावाला घरी घेऊन येईन. तो भाऊ त्या टोळीतच असतो. सगळे संपल्यावर रामा त्याला घरी चल म्हणतो, भाऊ नको म्हणतो, आणि फाटकापासून मागे वळून पुन्हा त्या इमारतीकडे चालू लागतो. बाबा, माझे काम गुंडांचे नाही, रंगांच्या कारखान्यातले आहे. पण दुसऱ्या वेळी मी चित्रपट तिथे थांबवला आणि चहा करायला उठलो.

कंपनीने करार दोन वर्षांनी वाढवला आहे. मी सही केली. हे मंगळवारीच सांगायचे होते, पण विषय चित्रपटाकडे गेला. या दिवाळीलाही येणे होणार नाही, आजोबांच्या वर्षश्राद्धाला मात्र नक्की येतो, निदान तसा अर्ज टाकला आहे. पुराच्या ओलीने फुगलेल्या भिंतीच्या गिलाव्यासाठी पन्नास हजार पाठवले आहेत. उरतील त्यातून आईने गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जावे, धाकट्याच्या फीचे मी वेगळे पाहतो. साताऱ्याच्या स्थळाकडून मुलीच्या मामांनी जकार्ता सुरक्षित आहे का असे विचारले असल्यास या पत्राचा मधला भाग त्यांना वाचून दाखवण्यास हरकत नाही. करारावरचा भाग मी स्वतः मुलीशी बोलेपर्यंत दाखवू नये.

आणि त्या चित्रपटाचा २०१४ चा दुसरा भागही आहे, त्यात मारामारी इमारतीबाहेर थेट रस्त्यावर येते. तो काकांच्या हाती लागणार नाही, एवढे धाकट्याने पाहावे.

आजीला नमस्कार.

आपला आज्ञाधारक