आधी खुराडं, मग कोंबड्या

कोल्हापूर,
8 फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "बाजारात पिल्लं आलीत, सहा घेऊन टाकू का?" आणि मी नुसतं "थांब गं" म्हणून फोन ठेवला. आई, तुला ते लागलं असणार. माझ्या मनात जे होतं ते घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज बसून लिहितेय.

कोंबड्या पाळा, जरूर पाळा. बाबांचं मागावरचं काम सुटल्यापासून त्यांच्या हाताला काहीतरी हवंय, हे मला गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी सोलापूरला आले तेव्हाच दिसलं. परसात खुर्ची टाकून ते नुसते बसून होते. तुलाही सकाळी उठून कुणाला तरी दाणे टाकायला आवडतं. पण गेल्या वैशाखात काय झालं ते मी विसरलेली नाही. जिन्याखाली पत्रा आडवा लावून दहा पिल्लं ठेवली होती. चार दुपारच्या उन्हानं गेली, बाकीची मुंगसानं आणि मांजरानं नेली. तू आठ दिवस "माझ्याच हातानं पाप झालं" म्हणत होतीस. तसं काही नव्हतं आई. दाणा होता, पाणी होतं, माया तर होतीच. त्यांना घर तेवढं नव्हतं.

कोंबडीला घाम येत नाही, हे मलाही इथं पाळायला लागल्यावर कळलं. तिचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास तापलेलं असतं. सोलापूरची मेमधली दुपार 42-43 वर जाते, म्हणजे बाहेरची हवाच तिच्या अंगापेक्षा गरम. अशा वेळी धापा टाकून तोंडावाटे वाफ सोडणं एवढा एकच उपाय तिच्याजवळ उरतो. मागच्या एप्रिलमध्ये आमची तांबडी मी जवळून पाहिली. चोच उघडी, दोन्ही पंख अंगापासून सुटे धरलेले, जणू काखेत वारा घेतेय. गळ्याखालची कातडी सारखी थरथरत होती, डोळे अर्धे मिटलेले. मी तिचे पाय पाण्यात बुडवून सावलीत धरले, तेव्हा वीस-पंचवीस मिनिटांनी चोच मिटली. हे कोल्हापुरात. तुमच्याकडे पत्र्याखाली बसलेल्या पिल्लांचं काय झालं असेल, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

म्हणून माझं खुराडं जसंच्या तसं तुम्हाला देऊन चालणार नाही. इथं चार महिने पाऊस झोडपतो, त्यामुळे मी तिन्ही बाजूंनी फळ्या मारल्यात. सोलापुरात फळ्या मारल्या तर त्याची भट्टी होईल. तुमचं खुराडं उन्हाळ्यासाठी बांधायचं, पावसाचं नंतर बघता येतं.

बाबा, आता हे तुमच्यासाठी. सहा कोंबड्या धरून माप काढलंय. रात्री झोपायची खोली सहा फूट बाय चार फूट, म्हणजे एकीला चार चौरस फूट. सहा फुटांची बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. उत्तर आणि दक्षिण या लांब बाजूंना जाळी, म्हणजे वारा आरपार जाईल. पश्चिमेची भिंत बंद, कारण तीन-चारचं तिरपं ऊन तिकडूनच येतं. जागा कडुलिंबाच्या पूर्वेला धरा, म्हणजे दुपारनंतर झाडाची सावली खुराड्यावर सरकेल. आत्ता पानं गळताहेत म्हणून झाड उघडं दिसतंय, पण एप्रिलपर्यंत ते पुन्हा भरतं.

छपरावर मात्र जीव लावून काम करा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावलीसुद्धा पडत नाही. त्या दिवसांत भिंती काही वाचवत नाहीत, सगळं ऊन छपरावर उतरतं. नुसता पत्रा नको. वर पत्रा, त्याला चुन्याचे दोन हात, आणि पत्र्याखाली सहा इंच जागा सोडून बांबूची तट्टी. दोन्हींमधून वारा वाहायला हवा, ती फट बुजवू नका. एप्रिल लागला की पत्र्यावर कडबा पसरून दोरीनं आवळून घ्या. दक्षिणेकडे छप्पर दोन फूट पुढे काढा.

खोली जमिनीपासून अडीच फूट उंच घ्या. यात माझा स्वार्थ आहे. आईची कंबर आणि तुमचे गुडघे मला माहीत आहेत. ओट्यासारखी उंची असली की आई उभ्यानं झाडून काढेल, वाकावं लागणार नाही. आणि खाली जी जागा उरते, तीच कोंबड्यांची दुपारची सावली. चढायला पाच फुटांची फळी तिरपी लावा, त्यावर वीतभर अंतरानं पट्ट्या ठोका, नाहीतर पाय घसरतात. खोलीपुढे दहा फूट बाय सहा फूट जाळीचं आवार, आणि तेही सहा फूट उंच, म्हणजे तुम्ही ताठ उभं राहून आत जाल.

पायांना लाकूड वापरू नका, वाळवी सोडणार नाही. भंगारातला लोखंडी अँगल घ्या आणि खाली सिमेंटचा ठोकळा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. नुसता गाडलेला पाय दोन वर्षांत कलतो. आवारातही मुरूम टाकून घ्या. चिखलात उभ्या कोंबडीला रक्ती हगवण लवकर लागते.

जाळीवर पैसे वाचवू नका, हे मी हात जोडून सांगते. ती षटकोनी कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मांजराच्या पंजाला अडवत नाही. अर्धा इंची चौकोनी वेल्डमेश घ्या. खाली जाळी नुसती जमिनीला टेकवायची नाही, बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी वळवून वर मुरूम दाबायचा. घूस आणि मुंगूस भिंतीच्या बुडाशी उकरतात, तिथंच त्यांना जाळी लागते. दाराला नुसती कडी नको, कडीत खिळा अडकवायचा. संध्याकाळी हाकलावं लागत नाही. दिवेलागणीला त्या आपणहून फळी चढतात. आपण फक्त दार लावायचं, पण ते एकही दिवस चुकायचं नाही.

आत बसायला आडवी काठी हवी, पाच-साडेपाच फुटांची. एकीला दहा इंच धरले की सहा जणी मावतात. दीड-दोन इंच जाडीचं लाकूड, कडा घासून गोल केलेल्या. बांबू नको, नखं धरत नाहीत. अंड्यांचे दोन खण पुरेत, फूटभर लांब-रुंद-उंच. ते काठीपेक्षा खाली असावेत, नाहीतर कोंबड्या खणातच झोपतात आणि अंडी घाण होतात. खणांचं झाकण बाहेरून, मोरीच्या दाराकडे उघडणारं करा. आई, तू उंबऱ्यावरून चार पावलं टाकलीस की अंडी हातात.

तळाला तीन इंच भुईमुगाची टरफलं अंथरा, कोरडी. ओली झाली की डोळ्यांना झोंबणारा वास सुटतो, तेव्हा लगेच बदलायची. बुरशी आलेली टरफलं किंवा शेंगा मात्र कोंबड्यांच्या जवळपासही नकोत, त्या बुरशीचं विष यकृतावर जातं.

पाण्याचं तुम्हाला मी काय सांगणार, चार-चार दिवस नळाची वाट बघणारी माणसं तुम्ही. सहा जणींना एरवी दीड लिटर पुरतं, उन्हाळ्यात तीन लिटर धरा. प्लास्टिक नको, मातीची दोन पसरट भांडी सावलीत ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला गोणपाट लावून दुपारी ओलं करायचं. सोलापूरची हवा कोरडी आहे, तिथं ओल्या गोणपाटानं खरंच गारवा येतो. भांडी धुतलेलं पाणीही त्याला चालेल.

आता जे मला खरं सांगायचंय ते. खुराडं मार्चमध्ये पुरं करा आणि उन्हाळाभर रिकामं ठेवा. आत काठीच्या उंचीवर एक थर्मामीटर टांगा. रोज दुपारी दोन वाजता बाबांनी आतला आणि बाहेर कडुलिंबाखालचा आकडा वहीत लिहायचा, मागावरच्या पाळीची नोंद ठेवायचात तसा. आत जास्त भरला तर छप्पर सुधारायचं, फट वाढवायची, कडबा जाड करायचा. ही चूक रिकाम्या घरात सापडू दे, पिल्लांच्या जिवावर नको.

पक्षी मृग लागल्यावर आणू. बाजारातली पिल्लं नकोत. आठ आठवड्यांच्या, मानमोडी रोगाची लस झालेल्या, ग्रामप्रिया जातीच्या सहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, घेऊ. कोंबडा नको, अंडी त्याच्यावाचूनही येतात आणि शेजारच्या काकूंची झोपही मोडणार नाही. जूनमध्ये आणल्या तर दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिलं अंडं मिळेल. ते आईनं खणातून काढावं असं मला फार वाटतं.

मी 8 मार्चला दोन दिवसांसाठी येतेय. वेल्डमेश इथूनच घेऊन येते, तीन फुटी रोल. बाबा, तोवर कडुलिंबाच्या बुंध्यापासून मोरीच्या भिंतीपर्यंतचं अंतर टेपनं मोजून कळवा. मी अंदाजानं सतरा फूट धरलंय. ते सोळाच भरलं, तर आवार दहाचं नऊ करावं लागेल.

तुमची,
शुभा