दीड हजार जाऊ देत, पण या

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

आई, काल तू म्हणालीस, बाबांना म्हापशातल्याच एखाद्या केअर सेंटरमध्ये ठेवूया, गोवा सरकार म्हाताऱ्यांना जास्त देतं, त्यात खर्च निघेल. फोनवर मला रडू आलं, धड बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत इथे गोव्यात ज्येष्ठांना महिन्याला 2,000 रुपये मिळतात, हे खरं. बाबा ज्यांचं नाव आजही आदराने घेतात, त्या भाऊसाहेब बांदोडकरांच्याच नावाची ती योजना. पण तिला गोव्यातलं 15 वर्षांचं वास्तव्य लागतं आणि तुमचं रेशनकार्ड महाराष्ट्रातल्या बांद्याचं. बाबा आज 74 वर्षांचे आहेत. म्हणजे 89व्या वर्षी अर्ज करायचा! तिकडे त्यांना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1,500 मिळतात, तेही महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठीच. सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून कायमचे इकडे आलात की तिकडचे बंद होणार, इकडचे सुरू होणार नाहीत. माणूस तोच, लुळा पडलेला हात तोच, आणि मदत मात्र नाक्यापाशी संपते. याचा मला फार राग येतो. दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्यांना केंद्राकडून 79 वर्षांपर्यंत 200 रुपये आणि 80 नंतर 500, एवढंच देशभर सारखं आहे. त्यावर किती घालायचे ते ज्याचं त्याचं राज्य ठरवतं.

आणि समजा, ते 2,000 मिळाले, तरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे केअर सेंटरवाले जे घेतात त्यात त्यांनी काय होणार? तिथली फी ना गोवा भरतं, ना महाराष्ट्र. ज्येष्ठांसाठीच्या 2007च्या कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यात वृद्धाश्रम काढायची तरतूद आहे, पण ती निर्धनांसाठी. इथे प्रोव्हेदोरियाचे, म्हणजे सरकारी मदत संस्थेचे, आश्रम पोर्तुगीज काळापासूनचे, तेही निराधारांसाठी. बाबा निराधार नाहीत, आई. मी आहे ना.

एक कागद मात्र जपून आण, बाबांचं आयुष्मान कार्ड. 70 आणि त्यापुढच्या सगळ्यांना ते मिळतं, उत्पन्न विचारत नाहीत, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात आणि राज्य बदललं तरी योजनेतल्या इस्पितळात चालतं. पण ते इस्पितळात दाखल झाल्यावरच. बाबांना कुशीवर वळवणं, भरवणं, डायपर, घरी येणारा फिजिओ, म्हणजे तू गेले कित्येक महिने एकटीने जे ओढते आहेस, त्याला कुठल्याच कार्डावर पैसे नाहीत.

म्हणून सरकारचा हिशोब सोडा आणि माझ्याकडे या. लेकीच्या घरी कसं राहायचं, हे बाबांच्या मनात आहे, मला ठाऊक आहे. बाबा, तुम्ही मला शिकवताना मुलगी म्हणून हात आखडता घेतला नव्हता. आता मला का अडवता? दिवसा नर्सिंग ब्यूरोची बाई ठेवू, रात्री मी आहे. दोघांच्या पगारात ते बसतं, आम्ही मांडून पाहिलं आहे. नाहीच झेपलं, तर केअर सेंटर बघू, पण घराजवळचं, आमच्या पैशांनी, मी रोज येऊन जाईन असं. त्यात कुणाला कमीपणा नाही.

तलाठ्यांना खरं ते सांगू, 1,500 बंद झाले तर होऊ देत. रविवारी हे गाडी घेऊन येतील. बाबांची फाइल, औषधांच्या चिठ्ठ्या आणि दोघांची आधार कार्डं एका पिशवीत काढून ठेव. भांडीकुंडी काही बांधू नकोस.

तुमची,
सुमा