शैक्षणिक संशोधनाची नोंदवही जपायला हवी

संपादक महोदय,

अमेरिकेतील विद्यार्थी व्हिसा, तेथील विद्यापीठांचे शुल्क आणि त्यांच्या निधीतील कपात यांविषयी मराठी वृत्तपत्रांतून पुष्कळ छापून आले आहे. आपल्याकडच्या असंख्य कुटुंबांचा जीव त्यात गुंतलेला असल्यामुळे ते आवश्यकही होते. परंतु त्याच काळात त्या देशातील शैक्षणिक संशोधनाच्या व्यवस्थेवर जो घाला पडला, त्याची मराठीत फारशी चर्चा झाली नाही. एम.एड.च्या वर्गाला अनेक वर्षे संशोधनपद्धती शिकवल्यामुळे मला हा विषय परका वाटत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

१९१६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशनचे वार्षिक अधिवेशन २०२५ साली २३ ते २७ एप्रिल या काळात डेन्व्हर येथे भरले. संशोधन, उपाय आणि दुरुस्ती असा त्याच्या सूत्राचा आशय होता. एरवी अशा अधिवेशनात शोधनिबंध वाचले जातात, पुरस्कार दिले जातात आणि मंडळी आपापल्या गावी परततात. या वेळी मात्र अधिवेशनाच्या नऊच दिवस आधी, १४ एप्रिलला, संघटनेने संशोधकांच्या आणखी एका संस्थेसह आपल्याच सरकारच्या शिक्षण खात्याविरुद्ध संघराज्य न्यायालयात दावा दाखल केला होता. सभासद प्राध्यापकांचे कित्येक प्रकल्प ज्या खात्याच्या पैशावर चालतात, त्याच खात्याला न्यायालयात खेचण्याचा निर्णय सोपा नसणार. तो घेण्याचे धैर्य संघटनेने दाखवले, याबद्दल मला तिच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

दाव्यामागची घटना अशी. १० फेब्रुवारी २०२५ रोजी शिक्षण खात्याच्या संशोधन विभागाचे ८९ करार एका फटक्यात रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले आणि त्यांची किंमत ८८ कोटी १० लाख डॉलर असल्याचे सांगण्यात आले. मार्चमध्ये खात्याचे निम्मे मनुष्यबळ कमी करण्याचा निर्णय झाला, आणि शंभरेक कर्मचाऱ्यांच्या राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्रात अवघी तीन माणसे उरली. देशातील शिक्षणाची स्थिती आणि प्रगती दाखवणारी आकडेवारी व माहिती गोळा करावी, यासाठीच १८६७ साली अमेरिकेने पहिला शिक्षण विभाग स्थापन केला होता. हे केंद्र त्याच कामाचा वारसा चालवते.

सरकारी खर्चाला कात्री लावू नये, असे माझे म्हणणे नाही. रद्द झालेल्या करारांपैकी काही खरोखरच निरुपयोगी असतील, तर ते एकेक तपासून बंद करता आले असते. पण निम्म्यावर आलेला अभ्यास थांबवला की पुढचा खर्च वाचतो आणि आधी झालेला खर्च मात्र पाण्यात जातो, हे शेतात अर्धी विहीर खणून सोडून दिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. त्याहून मोठे नुकसान सलगतेचे आहे. तेथे ९, १३ आणि १७ वर्षांच्या मुलांचे वाचन आणि गणित तपासणारी दीर्घकालीन चाचणी १९७०च्या दशकापासून चालत आली आहे. १७ वर्षांच्या गटाची शेवटची चाचणी २०१२ मध्ये झाली होती, २०२० मध्ये करोनामुळे ती होऊ शकली नाही, आणि पुढे ठरलेली चाचणीही फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द करण्यात आली. त्या वयाची जी मुले मधल्या काळात शाळेतून बाहेर पडली, त्यांची मोजणी आता कितीही पैसा ओतला तरी करता येणार नाही. आपल्याकडे २०११ नंतर दशवार्षिक जनगणना वेळेवर झाली नाही आणि साक्षरतेच्या जुन्याच आकड्यांवर सगळ्यांना भिस्त ठेवावी लागली, त्यामुळे या नुकसानीचा अंदाज आपल्यालाही आहे.

महाराष्ट्रातील शिक्षकांशी याचा थेट संबंध आहे तो 'एरिक' या नावाच्या, शैक्षणिक संशोधनांची नोंद ठेवणाऱ्या संदर्भसूचीमुळे. १९६०च्या दशकात अमेरिकी सरकारच्या तेव्हाच्या शिक्षण कार्यालयाने सुरू केलेल्या या सूचीत आज वीस लाखांहून अधिक नोंदी आहेत, आणि जगातील कोणालाही ती विनाशुल्क वापरता येते. २०२५च्या कपातीत तिचाही निधी घटला. आपल्या एम.एड. आणि पीएच.डी.च्या प्रबंधांत संबंधित साहित्याच्या आढाव्याचे जे प्रकरण असते, त्यातील परदेशी संशोधनांचा मोठा भाग या सूचीतूनच येतो.

माझी एक विद्यार्थिनी डोंगराळ भागातील द्विशिक्षकी शाळेत शिकवत होती. एका खोलीत पहिली-दुसरी आणि दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी, अशी तिची शाळा होती. बहुवर्ग अध्यापन हाच विषय तिने प्रबंधासाठी घेतला. महाविद्यालयाच्या संगणकावर 'मल्टिग्रेड' असे निरनिराळ्या प्रकारे टाकून तिने शनिवारची दुपार घालवली, आणि सूचीतील नेमकी संज्ञा सापडल्यावर 'ईडी' या अक्षरांनी सुरू होणारे अहवालांचे सहा आकडी क्रमांक वहीत एकाखाली एक उतरवले. त्यांतले काही अहवाल पूर्ण वाचायला मिळाले. "सर, ही अडचण फक्त आमच्याच शाळेची आहे असं मला वाटत होतं," असे ती म्हणाली, तेव्हाचा तिचा चेहरा मला आजही आठवतो. नियतकालिकांची वर्गणी भरणे जिच्या महाविद्यालयाला परवडत नव्हते, अशा शिक्षिकेपर्यंत ही सूची पोहोचली होती.

तिच्या प्रबंधाचे पुढे काय झाले, हे सांगणेही मला भाग आहे. तो महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काचेच्या कपाटात ठेवला गेला आणि कपाटाला कुलूप लागले. पीएच.डी.चे प्रबंध आता 'शोधगंगा' या संकेतस्थळावर पाहता येतात, पण एम.एड.चे लघुप्रबंध आणि शिक्षकांनी वर्गातल्या अडचणींवर वर्षानुवर्षे केलेली कृतिसंशोधने यांना असे एकत्र ठिकाण नाही. बडोद्याच्या प्रा. एम. बी. बुच यांनी १९७४ मध्ये भारतातील शैक्षणिक संशोधनांच्या आढाव्याचा पहिला खंड सिद्ध केला. ते जाड खंड आम्ही विद्यार्थी असताना ग्रंथालयात बसूनच चाळत असू, कारण ते घरी नेण्याची परवानगी नसे. पुढे ही मालिका राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने चालवली. तसे काम मराठीत, संगणकावर आणि सर्वांसाठी खुले असे व्हायला हवे.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि विद्यापीठांचे शिक्षणशास्त्र विभाग यांनी मिळून याची सुरुवात करावी, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक लघुप्रबंधाचे शीर्षक, वर्ष, इयत्ता, विषय आणि दोनशे शब्दांचा गोषवारा एवढे जरी एकत्र झाले, तरी गडचिरोलीत बहुवर्ग शिकवणाऱ्या शिक्षकाला साताऱ्यात त्याच प्रश्नावर कोणी काय करून पाहिले, ते शोधता येईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, निविदाही लागत नाही. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्या ग्रंथपालांना एक परिपत्रक आणि नोंदी करण्यासाठी थोडा वेळ मिळाला, तर येत्या शैक्षणिक वर्षातच हे काम सुरू होऊ शकेल.

आपला,
शिक्षणशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सातारा