जुन्या गाडीची वाट लावण्याला रिस्टोरेशन म्हणू नका

मा. संपादक महोदय,
स. न.

कालच्या पुरवणीत जुन्या गाड्या 'नव्याकोऱ्या' करून देणाऱ्या वर्कशॉपवर अर्धं पान लेख आलाय, तो वाचून डोकं तापलं म्हणून हे पत्र. जुन्या फियाटमध्ये मारुतीचं इंजिन, एसी, पॉवर स्टिअरिंग, अलॉय व्हील, वर मेटॅलिक रंग, आणि याला तुमचे प्रतिनिधी रिस्टोरेशन, म्हणजे जुनी गाडी मूळ रूपात परत आणणं, म्हणतात. अहो, जुनी गाडी मारून तिच्या पत्र्यात दुसरी गाडी बसवली त्यांनी, आणि तुम्ही त्याचं कौतुक छापलंत.

आमच्या आप्पांची 1967 ची फियाट डिलाइट आहे. आप्पा गेल्यावर आम्ही भावांनी ती अशाच एका नावाजलेल्या वर्कशॉपला दिली, नाव लिहीत नाही. मूळचं 1089 सीसीचं इंजिन चालू होतं, थोडा धूर मारायचं एवढंच. सिलिंडर आतून बोअर करून थोड्या मोठ्या मापाचे पिस्टन टाकले असते तरी भागलं असतं, पण यांनी आम्हाला न विचारता ते काढलं आणि भंगारात दिलं, का तर म्हणे पार्ट मिळत नाहीत. स्टिअरिंगजवळचा हँडल गिअर काढून खाली फ्लोअर गिअर केला, डॅशबोर्डवरचे मीटर गेले, पुढचं क्रोमचं ग्रिल गेलं. मागितलं तर "ते जुनं होतं काका" असं उत्तर. जुनंच होतं ना, म्हणूनच तर तुमच्याकडे आणलं होतं!

गाडी घरी आली तेव्हा रंगात तोंड दिसत होतं, सगळा वाडा बघायला जमला. आमचं घर खाडीला लागून. त्या पावसाळ्यात गणपतीपर्यंत मागच्या चाकावर रंगाला फोड आले, आणि दिवाळीत दाराच्या खालच्या कडेने तांबडं पाणी ओघळायला लागलं. शेवटी कुडाळकडच्या एका वयस्कर मिस्त्रीला दाखवली. त्याने पायदानाखाली पेचकस टेकवला तो सरळ आत गेला. म्हणाला, "पत्रो खंय आसा हयसर, नुसती लांबी आसा." म्हणजे पत्रा कुठे आहे इथे, नुसती खड्डे बुजवायची पुट्टी आहे. खरवडलं तर आतून तारेची जाळी, फायबर आणि त्यावर बोटभर जाड लांबी. दाराच्या तळाला पाणी निथळायला जी भोकं असतात तीही लांबीने बुजवलेली. आमच्याकडे पावसाळाभर धो धो पाऊस आणि बारा महिने खारा वारा, दारात शिरलेलं पाणी जाणार कुठे? लांबी ओल धरते आणि पत्रा आतून सडत राहतो, वरून रंग छान. त्यात या फियाटला जीपसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडी हीच चेसिस. फ्लोअर आणि पायदान सडलं की गाडीचा कणाच गेला, आणि अशा गाडीत बसून आमची माणसं कणकवलीपर्यंत जाऊन आली, आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

दुसरं, लेखात 1982 ची पद्मिनी 'विंटेज' म्हणून सजवलीय आणि विंटेज नंबर मिळतो असंही लिहिलंय. विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे केंद्राचे नियम जुलै 2021 मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकीच त्यात बसते, आणि गाडी मूळ रूपात लागते, इंजिन, चेसिस, बॉडीत मोठा बदल चालत नाही. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि तो नंबर घेतला की गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. यातलं एक अक्षर लेखात नाही. आमची डिलाइट 50 केव्हाच पार करून गेली, पण मूळ इंजिनच राहिलं नाही तर मूळ रूप कसलं. तुमचा लेख वाचून उद्या आणखी कोणी बापाच्या गाडीचं इंजिन भंगारात घालवेल, याची जबाबदारी कोण घेणार?

आणि फोटो! खाली 'फियाट' लिहिलंय आणि वर गाडी अँबेसेडर. शेंबडं पोरसुद्धा फरक सांगेल. छापण्याआधी कोणी बघत नाही का?

आमचा मिस्त्री आता सडलेला पत्रा कापून काढतोय, नवा पत्रा हातोडीने ठोकून त्याच आकारात आणतो, वेल्डिंग मारतो, घासतो, गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साईड मारतो. काम हळू चाललंय आणि त्याचं नाव कुठल्या पुरवणीत येणार नाही, पण रिस्टोरेशन ते आहे. गाडी सध्या उघडी आहे, तुमच्या प्रतिनिधींना पाठवा, रंगाखाली काय असतं ते त्यांना दाखवतो. नियमांबद्दलची दुरुस्ती मात्र त्याच पानावर, त्याच आकारात छापा ही विनंती. आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात कोणाच्या पडवीत, मांगरात डिलाइटचं मूळ इंजिन पडून असेल तर कृपया भंगारवाल्याला देऊ नका, या वृत्तपत्राच्या कार्यालयात कळवा, मी स्वतः येऊन योग्य किंमत देऊन घेऊन जाईन.

आपला जुना वाचक,
मालवण