विरोधात कोण, हेही विचारा

महोदय,

३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असल्यामुळे गृहनिर्माण सोसायट्यांच्या फलकांवर आता नोटिसा लागू लागल्या आहेत. मी एका नगरपालिकेच्या सभा विभागात २८ वर्षे इतिवृत्ते, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या नोंदी, लिहिली. आमच्या सोसायटीची गेल्या वर्षीची सभा अजून माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

सभा पार्किंगमध्ये होती. कोरम, म्हणजे सभेसाठी लागणारी किमान हजेरी, २० जणांचा, आलो होतो १३. सभा तहकूब झाली आणि नोटिशीत लिहिल्याप्रमाणे अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा सुरू झाली. तहकूब सभेला कोरम लागत नाही, तेव्हा इथवर सगळे नियमाने झाले.

मग इमारतीच्या रंगकामाचा विषय आला. तळमजल्यावरच्या काकू घरून लिहून आणलेला कागद घेऊन उभ्या राहिल्या. "तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय काम द्यायचं नाही, एवढं ठरावात घाला." ही सरळसरळ उपसूचना, म्हणजे मूळ ठरावात सुचवलेली दुरुस्ती, होती. अनुमोदन मी दिले. अध्यक्ष म्हणाले, "काकू, ते नंतर बघू. तर मंडळी, मंजूर?" मागून चार-पाच जण "मंजूर, मंजूर" म्हणाले आणि पुढचा विषय पुकारला गेला. काकूंनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि त्या खाली बसल्या. नंतर आलेल्या इतिवृत्तात एकच ओळ होती : 'सर्वानुमते मंजूर.' उपसूचनेचा उल्लेखसुद्धा नाही.

उपसूचना आधी मताला टाकायची आणि मूळ सूचना नंतर, हा क्रम उगाच पडलेला नाही. मूळ ठराव एकदा मंजूर झाला की दुरुस्ती कशात करणार? आणि मत दोन्ही बाजूंचे घ्यायचे असते. लोकसभेत आवाजी मतदान होते तेव्हाही अध्यक्ष आधी बाजूने कोण ते विचारतात, मग विरोधात कोण ते विचारतात, आणि त्यांचा कौल कुणाला मान्य नसेल तर मतविभागणी, म्हणजे प्रत्यक्ष मतमोजणी, मागता येते. आमच्याकडे दुसरा प्रश्न विचारलाच गेला नाही. विचारला असता तरी ठराव कदाचित मंजूरच झाला असता. माझी त्याला काही हरकत नव्हती. पण हात मोजले गेले असते, आणि त्याला दोन मिनिटे पुरली असती. काकू यंदा म्हणतात, "मी नाही येत, तूच जा."

यंदाच्या सभेत पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याचा आहे. 'सर्वानुमते' या शब्दाला मी तिथे हरकत घेणार आहे. काकूंची उपसूचना, तिचे अनुमोदन आणि माझी हरकत, तिन्ही गोष्टी नोंदवून घेतल्याशिवाय ते इतिवृत्त कायम करू नये, अशी सूचना मी लेखी नेणार आहे. अनुमोदक मिळाला आहे.

– एक निवृत्त सभा लिपिक, डोंबिवली