विक्रमांच्या यादीत एक रकाना कमी आहे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मुंबई मॅरेथॉनचे वारे वाहू लागले की क्रीडा पानांवर विक्रमांच्या चौकटी झळकतात. महिलांच्या ओळीत असते : रूथ चेपनगेटिच, २ तास ९ मिनिटे ५६ सेकंद, शिकागो, ऑक्टोबर २०२४. याच धावपटूवर ऑक्टोबर २०२५ मध्ये तीन वर्षांची बंदी आली, ही गोष्ट चौकटीत येत नाही.

१४ मार्च २०२५ रोजी घेतलेल्या तिच्या नमुन्यात हायड्रोक्लोरोथायझाइड सापडले. रक्तदाबाचे साधे औषध, आपल्याकडे कितीतरी घरांत गोळ्यांच्या डब्यात असते. त्याने पळण्याचा वेग वाढत नाही. पण लघवी जास्त होते, पातळ होते आणि बाकीच्या द्रव्यांचे अंश प्रयोगशाळेच्या हाती लागणे अवघड होऊन बसते. म्हणून ते बंदीच्या यादीत आहे. या द्रव्याची नोंद करण्याची किमान पातळी मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम. तिच्या नमुन्यात निघाले अंदाजे ३८००. आजारी असताना घरकाम करणाऱ्या बाईंची गोळी घेतली, असा खुलासा तिने केला. चार वर्षांची शिक्षा कबुलीमुळे तीनवर आली. विक्रम मात्र शाबूत राहिला, कारण निकाल रद्द होतात ते नमुना घेतल्याच्या दिवसापासून पुढचे. मागचे पुसायचे तर त्या काळाचा वेगळा पुरावा लागतो.

नियम म्हणून हे योग्यच आहे. पुराव्याशिवाय कुणाचे नाव खोडू नये. पण नियमाने टिकलेला विक्रम मिरवलाच पाहिजे, असे कोणत्याही नियमात नाही. संशय असेल तिथे आकडा यादीत राहू द्यावा, जल्लोष थांबवावा आणि त्या आकड्यामागे कोणती चाचणी उभी आहे हे वाचकाला सांगावे, एवढेच माझे म्हणणे आहे. चेपनगेटिचच्या नावापुढे ‘मार्च २०२५ च्या नमुन्यावरून बंदी, विक्रम कायम’ असा कंस घालायचा आणि खालच्या ओळीत तिगिस्त असेफाचे २:११:५३ (बर्लिन, २०२३) द्यायचे. दोन ओळींत काम होते.

‘चाचणी झाली’ या शब्दांत नेमके काय येते, तेही लिहितो. नोटीस हातात पडल्यापासून खेळाडूवरची नजर हटत नाही. लघवी देताना त्याच लिंगाचा अधिकारी समोर उभा असतो. किमान ९० मिलिलिटर लागते. ३० मिलिलिटर ‘ब’ बाटलीत, निदान ६० ‘अ’ बाटलीत आणि तळाशी थोडी राखून तिची विशिष्ट घनता मोजायची. नेहमीच्या नमुन्यात ती १.००५ च्या खाली आली, म्हणजे लघवी फार पातळ असली, की पुन्हा नमुना द्यायचा. भरपूर पाणी ढोसून आलेला खेळाडू इथे तासन्‌तास अडकतो. झाकणे खेळाडू स्वतः बंद करतो. ‘अ’ दोषी निघाला तर ‘ब’ उघडताना हजर राहण्याचा हक्क त्याला असतो. जागतिक विक्रमाला त्याच स्पर्धेतली चाचणी लागते आणि ४०० मीटर व त्यापुढच्या शर्यतींत ईपीओसारख्या रक्तपेशी वाढवणाऱ्या द्रव्यांची तपासणीही व्हावी लागते.

तरीही निगेटिव्ह अहवाल म्हणजे स्वच्छतेचा दाखला नव्हे. ईपीओ रात्री शिरेतून अगदी थोड्या मात्रेत घेतले तर काही तासांत माग पुसट होतो. म्हणून आता हिमोग्लोबिन आणि कोवळ्या लाल पेशींचे प्रमाण वर्षानुवर्षे नोंदवणारा जैविक पासपोर्ट ठेवतात. चाचणीसाठी निवडलेल्या गटातल्या खेळाडूला रोजचा एक तास आणि ठिकाण आधी कळवावे लागते. बारा महिन्यांत तीनदा चुकला की बंदी. आणि सगळ्यांत मोलाची बाब म्हणजे नमुना दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवता येतो. आज न सापडलेले उद्याच्या यंत्राला सापडते. बीजिंग २००८ आणि लंडन २०१२ च्या बाटल्या पुन्हा उघडल्या, तेव्हा स्टॅनोझोलॉल आणि टुरिनाबोल या स्टेरॉइडांचे शरीरात जास्त काळ रेंगाळणारे अंश ओळखण्याची पद्धत हाताशी आली होती, त्यामुळे पदकांची रांगच्या रांग कोसळली.

हे सगळे १९८० च्या दशकात नव्हते. पूर्व जर्मनीच्या मारिता कॉखने ६ ऑक्टोबर १९८५ रोजी कॅनबेरात ४०० मीटर ४७.६० सेकंदांत काढले. यार्मिला क्रातोख्विलोवाचा ८०० मीटरचा १:५३.२८ हा विक्रम १९८३ चा. तेव्हा चाचण्या प्रामुख्याने स्पर्धेच्या दिवशी होत. स्टेरॉइड घ्यायचे तयारीच्या महिन्यांत, थांबवायचे स्पर्धेच्या काही आठवडे आधी, आणि स्नायू मात्र बरोबर घेऊन उतरायचे. पूर्व जर्मनीत तर परदेशी पाठवण्याआधी खेळाडूंचे नमुने क्राइशा इथल्या सरकारी प्रयोगशाळेत तपासत. अंश शिल्लक असला तर खेळाडू ‘दुखापतग्रस्त’ होऊन घरी राही. पकडण्यासाठी उभारलेली प्रयोगशाळा न पकडले जाण्यासाठी राबत होती! बर्लिनची भिंत पडल्यावर कागदपत्रे निघाली, मात्रांच्या नोंदी निघाल्या, २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने त्या व्यवस्थेच्या सूत्रधारांना दोषी ठरवले. कॉख कधी चाचणीत सापडली नाही आणि आरोप तिने कायम नाकारले आहेत, हेही नोंदवले पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोत सिडनी मॅकलॉक्लिन-लेव्हरोनने ४०० मीटरमध्ये ४७.७८ सेकंदांची धाव घेतली. बातम्यांचा सूर ‘विक्रम थोडक्यात हुकला’ असा. माझ्या मते त्या दिवशीची बातमी चाळीस वर्षांपूर्वीच्या आकड्याची नव्हतीच.

मग सरसकट पुसून का टाकू नये? २०१७ मध्ये युरोपीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने तसा प्रस्ताव आणला होता. विक्रमाआधी ठरावीक चाचण्या झालेल्या आणि विक्रमावेळचा नमुना जपलेला असेल तरच विक्रम मान्य. नमुने साठवायला २००५ पासून सुरुवात झाली, त्यामुळे त्याआधीचे सगळे बाद. पण त्या जात्यात पॉला रॅडक्लिफची २००३ ची मॅरेथॉन आणि जोनाथन एडवर्ड्सची १९९५ ची १८.२९ मीटरची तिहेरी उडीही भरडली जाणार होती. दोघांनी कडाडून विरोध केला आणि प्रस्ताव बारगळला. बरे झाले. शिवाय संशय नेहमी औषधाचाच असतो असेही नाही. फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरच्या १०० मीटरमधल्या १०.४९ सेकंदांबद्दल जाणकार वाद घालतात तो पाठीवरच्या वाऱ्याच्या मदतीवरून. १६ जुलै १९८८ रोजी इंडियानापोलिसला त्या शर्यतीत वायुमापक ०.० दाखवत होता आणि त्याच वेळी शेजारी तिहेरी उडीचा मापक ४.३ मीटर प्रतिसेकंद. तीही कधी चाचणीत दोषी ठरली नाही.

आपल्याकडचा नियम कागदावर कडक आहे, आणि त्याचा फटका कुणाला बसतो ते पाहा. जानेवारी २०२० मध्ये मूडबिद्रीच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत ज्योती याराजीने १०० मीटर अडथळे १३.०३ सेकंदांत पार केले. अनुराधा बिस्वालचा राष्ट्रीय विक्रम होता १३.३८, तोही २००२ चा. तरी नोंद झाली नाही, कारण नाडाची (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) चाचणी झाली नव्हती आणि भारतीय महासंघाचा तांत्रिक प्रतिनिधी हजर नव्हता. तिचे नाव विक्रमाच्या यादीत चढले ते मे २०२२ मध्ये सायप्रसला १३.२३ काढल्यावर. दुसरीकडे, सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाचे पथक आल्याचे कळताच १०० मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू उरला. वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) २०२३ च्या आकडेवारीत भारताचे ५,६०६ नमुने आणि दोषी प्रमाण ३.८ टक्के आहे. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत हे सर्वाधिक.

उशिरा मिळालेल्या न्यायाची तर आपण दखलच घेत नाही. अंजू बॉबी जॉर्जला २००५ च्या जागतिक अंतिम स्पर्धेचे लांब उडीचे सुवर्ण २०१४ मध्ये मिळाले, कारण पहिली आलेल्या रशियाच्या तात्याना कोतोवाचा त्याच वर्षीच्या हेलसिंकी जागतिक स्पर्धेतला जुना नमुना फेरतपासणीत दोषी ठरला. जुन्या नमुन्यावर कारवाईची तेव्हाची मुदत आठ वर्षांची. ती उलटायला काही महिनेच उरले असताना निष्कर्ष जाहीर झाला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतले मिश्र रिलेचे रौप्यही बहारीनची धावपटू बाद झाल्यावर २०२० मध्ये सुवर्ण झाले. कोविडच्या त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात कुणाच्या ते लक्षातही राहिले नसेल.

उलट बाजूही सांगतो. चाचणीत दोषी म्हणजे विक्रमचोर, असे समीकरण चुकीचे आहे. आपल्या मुंबईच्या पृथ्वी शॉवर २०१९ मध्ये आठ महिन्यांची बंदी आली ती टर्ब्युटालिनमुळे. हे द्रव्य खोकल्याच्या अनेक औषधांत असते, आणि अनवधानाने घेतल्याचा त्याचा खुलासा क्रिकेट मंडळाने मान्य केला. म्हणून कंसात द्रव्याचे नाव आणि शिक्षेची मुदतही हवी. ‘डोपिंगमध्ये अडकला’ एवढे मोघम नको.

सत्कारांचे काय? पदक जिंकून खेळाडू विमानतळावर उतरायच्या आत नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतात. हार घाला, पेढे वाटा, त्याला कोण अडवणार. रोख इनाम तेवढे चाचणीचा अहवाल हाती येईपर्यंत थांबवावे. मोठ्या मॅरेथॉन बक्षिसाची रक्कम याच पद्धतीने देतात आणि धावपटूंनाही त्यात वावगे वाटत नाही. पदक वर सरकून मिळाले तर तोच सत्कार, तीच रक्कम त्या खेळाडूला मिळावी आणि बातमीही मूळ बातमी जिथे होती त्याच पानावर यावी. शालेय आणि जिल्हा स्पर्धांत बहुधा चाचणी नसतेच. तिथल्या ‘स्पर्धा विक्रमा’पुढे ‘चाचणी नाही’ असे छापले तर मुलांचा काही अपमान होत नाही. राज्य निवडीच्या स्पर्धांत अंतिम फेरीतल्या निदान काहींचे नमुने घ्यावेत, ही मागणी क्लबांनी संघटनेकडे लेखी करावी. त्या पत्रांची दखल आपल्या दैनिकाने घेतली तर संघटनांना उत्तर देणे भाग पडेल.

कळावे,

आपला विश्वासू,
एक अ‍ॅथलेटिक्स पंच, दादर (पश्चिम), मुंबई